पळस, पांगारा, सावर : फुलं बघायला जाताना कुठे चुकतं आणि काय करायचं

मार्च सरत आला की मला ठरावीक फोन येतात. "तुम्ही सांगितलेल्या रस्त्याने गेलो, पण एक फूल दिसलं नाही." मी विचारतो, कधी गेला होता? "परवाच्या रविवारी. फेसबुकवर फोटो आले ना, तेव्हाच ठरवलं." आणि पोचला किती वाजता? "निघायला जरा उशीर झाला, साडेअकरा वाजले असतील." आता यावर मी काय बोलणार? फोटो बघून ठरवलेली फुलांची सहल म्हणजे वरातीमागून घोडं. कुणीतरी ऐन बहरात फोटो काढलेला असतो, तो फिरत फिरत तुमच्यापर्यंत यायला चार दिवस लागतात, सुट्टीचा रविवार यायला आणखी आठ. तोवर फांद्यांना शेंगा धरलेल्या असतात.

चूक नशिबाची नसते, क्रमाची असते. म्हणून हा क्रम एकदा लिहून काढला आहे. मी पुण्याचा, त्यामुळे वेळापत्रक पुणे, मुंबई आणि मधल्या घाटांचं आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या वाचकांनी पहिल्या दोन पायऱ्या सोडल्या तरी चालेल. तिकडे धानाच्या धुऱ्यांवर पळस उभाच असतो, खिडकी उघडली की झालं.

पायरी १ : ठिकाण नंतर, आधी झाड ठरवा

"ताम्हिणीला फुलं आहेत का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठल्या झाडाची, हे आधी ठरवायला हवं. एकाच घाटात सावर झडत असते तेव्हा पळस जेमतेम उघडत असतो. साधारण क्रम असा :

जानेवारीच्या उत्तरार्धात सुरुवात होते काटेसावरीपासून. पान एकही नाही, आडव्या फांद्यांवर तळहाताएवढी लाल फुलं. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हिच्यासाठी राखून ठेवा. कोकणात उतरणाऱ्या कुठल्याही घाटात ती भेटते, खास ठिकाण शोधावं लागत नाही.

सावरीच्या पाठोपाठ पांगारा येतो, पण दोघांच्या तारखा बऱ्याच एकमेकींत मिसळतात. खडकाळ, उघड्या टेकड्यांवर याच सुमारास गणेर ऊर्फ सोनसावर फुलते. पिवळी धमक, पुन्हा निष्पर्ण. ती रस्त्यालगत क्वचित सापडते, चढावं लागतं. धायटीचं झुडूप मात्र वाटेच्या कडेलाच असतं. तिची फुलं नखाएवढी, लालभडक आणि नळीसारखी. मोठ्या झाडांच्या नादात लोक तिला ओलांडून जातात, आणि शिंजीर हा चिमुकला पक्षी बघायची सगळ्यात सोपी जागा तीच असते.

पळसाचा बहर फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत. अंजनीची निळी-जांभळी फुलं बघायची तर महाबळेश्वर-माथेरानची सदाहरित राई गाठा, मार्चपासून पुढे. सीताअशोक फेब्रुवारीपासून उन्हाळाभर टप्प्याटप्प्याने फुलतो. बहाव्याचा विचार एप्रिलशिवाय करू नका.

सावध : "होळीला पळस" हे खरं आहे, पण तारीख म्हणून ते धरू नका. २०२४ साली होळी २४ मार्चला होती, २०२५ साली १३ मार्चला. झाड पंचांग बघत नाही. होळी उशिरा आली त्या वर्षी होळीच्या सुट्टीत गेलेले बरेच जण शेंगा बघून परतले.

आणखी एक फसगत सांगतो, कारण ती माझीच आहे. एका मार्चमध्ये मुळशीच्या बाजूला समोरच्या डोंगरावर लालभडक झाडांचा पट्टा दिसला. बरोबर मावशी, काका आणि दोन मुलं. "पांगारा आहे, चला," मी छातीठोकपणे म्हणालो. दीड तास चढलो. वर पोचलो तर ते कोशिंब होतं, म्हणजे कुसुम. त्याची कोवळी पालवीच लाल असते. लांबून फुलांचा भास होतो, जवळ गेलं की चकचकीत लाल पानं. मावशी एका दगडावर टेकली आणि म्हणाली, "पानंच बघायची होती तर दारातली तुळस काय वाईट होती रे?" पालवीसुद्धा देखणी होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

तपासा : लांबून लाल दिसणारं झाड दुर्बिणीतून बघा. सगळा मुकुट एकसारखा, भरगच्च लाल असेल तर ती पालवी. काळपट उघड्या फांद्या मधून दिसत असतील आणि लाल ठिपके फांद्यांना चिकटलेले असतील तर फुलं.

पायरी २ : एका झाडाची टेहळणी करा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि नेमकी हीच कामाची. तुमच्या रोजच्या वाटेवरचं एक झाड हेरून ठेवा. कॉलेजच्या आवारातलं, कालव्याकाठचं, रेल्वे फाटकाजवळचं, कुठलंही. त्याला जानेवारीपासून आठवड्यातून एकदा नजर द्या. शहरातलं झाड घाटातल्या झाडाच्या दोन-चार दिवस पुढे-मागे असेल, पण अंदाज देतं.

काय बघायचं? सावरीच्या फांद्यांवर आधी हिरवट-तपकिरी गोंडे येतात, छोट्या भोवऱ्यांसारखे. ते फुगून टोकाशी फट पडली आणि आत लाल दिसायला लागलं की येणारा रविवार पक्का करा. पळसाच्या कळ्या मखमली असतात, काळपट तपकिरी. लांबून बघितलं तर फांद्यांना काजळी धरल्यासारखी वाटते. "यंदा झाड वाळलं की काय," असं वाटायला लागेल तेव्हा समजा, आता आठवड्याभराचा प्रश्न आहे. काळ्या कळीतून केशरी टोक डोकावलं की रजा टाका.

एका वहीत तारीख लिहा : पहिली कळी, पहिलं फूल, झाडाखाली सडा पडला तो दिवस. पुढच्या वर्षी ही वही कुठल्याही फेसबुक पोस्टपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पायरी ३ : आदल्या दिवशी

प्रथम जागा उघडी आहे का ते पाहा. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, भायखळ्याची राणीची बाग बुधवारी. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात जायचं असेल तर नाक्यावर नोंद आणि शुल्क असतं. सकाळी किती वाजता सोडतात ते आधी विचारून घ्या, नाहीतर सूर्योदय फाटकाबाहेर होतो.

पिशवीत काय हवं : माणशी निदान तीन लिटर पाणी. फेब्रुवारीत ओढे आटलेले असतात आणि पानगळीच्या रानात सावली नसते. पावसाळी ट्रेकच्या सवयीने एक बाटली घेऊन जाणारे इथेच फसतात. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, लांब पँट, बंद बूट. टोपी. दुर्बीण असेल तर घ्या, साधी ८ × ४० पुरते. चिकटपट्टीचं एक रीळ घ्या. का, ते पुढे येईल. बसायला जुनं वर्तमानपत्र.

काय नको : अत्तर, डिओडरंट, सुवासिक तेल. कारण आग्यामोहोळ. ड्रोनही घरी ठेवा. स्पीकरबद्दल मी लिहायला नको.

पायरी ४ : वेळ

फेब्रुवारीअखेर पुण्यात सूर्य सातच्या जरा आधी उगवतो. त्या वेळी तुम्ही झाडाखाली असायला हवं. घरातून निघायची नव्हे, झाडाखाली असण्याची ती वेळ आहे. सात ते नऊ हा सगळा खेळ आहे. मध प्यायला पक्षी याच वेळी येतात, फुलं ताजी असतात, उजेड तिरका असतो. दहानंतर पळस बघायला जाणं म्हणजे लग्न लागल्यावर फक्त पंगतीला जाणं. जेवण मिळतं, पण बाकी काही नाही.

तपासा : सूर्य कुठून उगवतो ते नकाशावर आधी बघून ठेवा आणि झाड सूर्य आणि तुम्ही यांच्या मधे येईल अशी जागा धरा. पळसाची पाकळी पातळ असते. उजेड मागून आला की ती पेटल्यासारखी दिसते. सावरीची पाकळी जाड आणि मांसल असल्यामुळे तिला उलट हवं, उजेड तुमच्या पाठीमागून. मोबाइलने फोटो काढत असाल तर पडद्यावर फुलावर बोट ठेवा आणि उजेड थोडा उतरवा. नाहीतर लाल रंगाचा नुसता डाग येतो.

पायरी ५ : रानवाटेवर

या दिवसांत रान कोरडं ठणठणीत असतं. वाट दिसते, पण तीन गोष्टी दिसत नाहीत.

पहिली, खाजकुयली. तिच्या तपकिरी, लवदार शेंगा याच दिवसांत वाळतात आणि वाऱ्यावर त्यांची कुसं उडतात. वाटेवरच्या वेलीला हात लावू नका, आणि लोंबत्या शेंगांच्या घोसाखाली तर थांबूच नका. लागलीच तर चोळू नका, आणि लगेच पाणीही ओतू नका, कुसं पसरतात. चिकटपट्टी कातडीवर दाबून ओढा, पुन्हा नवा तुकडा, असं पाच-सहा वेळा करा. मग धुवा. कपडे घरी गेल्यावर वेगळे धुवायचे.

दुसरी, आग्यामोहोळ. उंच सावर ही या माश्यांची आवडती जागा. काळपट, अर्धवर्तुळाकार पोळी आडव्या फांदीखाली लटकलेली असतात. झाडाखाली जाण्याआधी लांबूनच दुर्बिणीने प्रत्येक जाड फांदीचा खालचा भाग बघा. पोळं दिसलं तर ते झाड सोडा, दुसरं शोधा. "आपण काही करत नाही ना, मग त्याही काही करणार नाहीत" हा हिशेब खरा नाही. घारीने किंवा माकडाने पोळं छेडलं तरी खाली उभे असलेले तुम्हीच असता. उठल्याच तर हात झटकत बसू नका. तोंड आणि डोकं झाका आणि सरळ रेषेत पळा, शक्य असेल तर गाडीत शिरून काचा लावा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. नांग्या नखाने खरवडून काढा. डंख बरेच असतील किंवा श्वास जड वाटला तर थेट दवाखाना.

तिसरी, आग. गवत वाळलेलं असतं, विडीचं एक थोटूक पुरतं. चहासाठी चूल मांडू नका, थर्मास न्या. डोंगरावर धूर दिसला तर वर चढू नका, आग चढावर वेगाने धावते. आधीच जळून गेलेला किंवा साफ केलेला पट्टा गाठा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणि एक विनंती. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली दिसेल, कधी पालापाचोळा जाळलेला दिसेल. ती सहलीची जागा नाही. पहाटे टपटप पडणारी मोहफुलं वेचून वाळवणं हा कुणाचा तरी त्या महिन्याचा रोजगार आहे. बाजूने जा, फुलं तुडवू नका, आणि मूठभर "नुसती बघायला" उचलू नका.

पायरी ६ : झाडाखाली, आधी खाली बघा

पोचल्या पोचल्या सगळे मान वर करतात, आठ फोटो काढतात आणि पाच मिनिटांत "चला" म्हणतात. इथे उलट करा. आधी जमीन, मग खोड, मग फांद्या.

सावरीखाली उभं राहिलात तर फूल पडताना ऐकू येतं. पाकळी-पाकळी गळत नाही, अख्खं फूल गरगरत येतं आणि धप्प आवाज होतो. एक उचला. हाताला वजन लागतं, लोण्याच्या गोळ्याइतकं. तळाशी जाड कटोरी आहे, आतून रेशमी. पाच पाकळ्या, बाहेरच्या बाजूला लवलेल्या. मधे पुंकेसरांची झुंबड, गुलाबी दांड्या आणि टोकाला काळसर परागकोश. कटोरीत बोट फिरवून बघा, सकाळचं फूल असेल तर ओलसर चिकट लागतं. वानर, मैना, बुलबुल या सगळ्यांची रांग याच वाटीसाठी लागते. बाजूला पडलेल्या फुलांवर दातांच्या खुणा असतील तर पहाटे हरणं येऊन गेली असं समजा.

पळसाचं फूल वेगळं. वजन जवळजवळ नाहीच, वासही नाही. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, "हा पोपट तर नव्हे?" असा त्याचा अर्थ लावतात. फूल आडवं धरा म्हणजे का ते कळेल : खालची जोडलेली पाकळी हुबेहूब वाकडी चोच. ती चोच नखाने अलगद चिरा. आत दहा पुंकेसर मिळतील, नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. मुलं बरोबर असतील तर हा सुटा पुंकेसर शोधायचं काम त्यांना द्या. पंधरा मिनिटं शांतता मिळते.

पळस की पांगारा असा गोंधळ झाला तर फांदीला हात लावा. पांगाऱ्याला बारीक काटे असतात, पळसाला नसतात. दोघांनाही पानं तीन-तीनच, त्यामुळे "पळसाला पानं तीन" ही म्हण ओळख पटवायला इथे उपयोगाची नाही.

आता मान वर करा, पण बसून. वर्तमानपत्र अंथरा, खोडापासून वीस-पंचवीस पावलं लांब, आणि वीस मिनिटं हलू नका. पहिली पाच मिनिटं काही होत नाही. मग आधी बुलबुल परततात, मग शिंजीर. नशीब असेल तर भोरड्यांचा थवा येतो, गुलाबी अंग आणि काळं डोकं. त्यांना पळसमैना उगाच म्हणत नाहीत. हे हिवाळी पाहुणे एप्रिलपर्यंत निघून जातात, म्हणजे पळस आणि त्यांची गाठ पडते ती एवढ्याच काही आठवड्यांत.

सावध : फांदी वाकवून फोटो नाही, दगड मारून फुलं पाडणं नाही. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात फूल तोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे पडलेलं फूलही बघून परत तिथेच ठेवा.

पायरी ७ : रानात जाणं जमत नसेल तर बाग

गुडघे दुखतात, लहान मूल आहे, वेळ नाही. हरकत नाही. पण बागेतही चुकायच्या जागा आहेत.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीच्या शेवटी भरतं. ते कुंड्यांचं आणि मोसमी फुलांचं प्रदर्शन आहे. ते बघितलं म्हणजे झाडांचा वसंत झाला असं नाही. मोठी झाडं बघायला त्याच बागेत महिन्याभराने पुन्हा जा, गर्दीही नसते. मुंबईत राणीच्या बागेत उर्वशी आहे, मूळची म्यानमारची, लांब देठांवर लोंबणारी लाल-गुलाबी फुलं. फुललेली आहे का, ते आतल्या माळ्यांना विचारा. फलक वाचत फिरण्यापेक्षा ते लवकर होतं.

अशोक बघायचा असेल तर नीट बघा. सोसायटीच्या भिंतीलगत उभे असलेले सरळसोट हिरवे खांब म्हणजे सीताअशोक नव्हे. खरा अशोक बुटका, घेरदार, आणि त्याचे नारिंगी गुच्छ जुन्या फांद्यांवर, अगदी खोडावरसुद्धा येतात. गुच्छ उमलतो तेव्हा पिवळट नारिंगी आणि जुना होताना लाल, म्हणून एकाच झाडावर तीन रंग दिसतात.

गुलाबी रंगाची हौस असेल तर मुंबईच्या पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या पट्ट्यातला टॅब्यूबिया आहे. तो मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला. बघायला सुंदर, पण तो महामार्ग आहे. गाडी कडेला लावून दुभाजकावर चढू नका. पुण्यात वेताळ टेकडीवर फिकट जांभळट गुलाबी फुलोरा दिसतो, त्याला दरवर्षी कुणीतरी "आपला चेरी ब्लॉसम" म्हणतं. ती गिरिपुष्प आहे, मुद्दाम लावलेली. तिलाच उंदीरमारी म्हणतात, आणि नाव सार्थ आहे. तेव्हा मुलांना शेंगा-बिया तोंडात घालू देऊ नका.

पायरी ८ : पडलेल्या पळसफुलांचा रंग

हे फक्त शेताच्या बांधावरच्या, मालकाला विचारून वेचलेल्या फुलांचं. सकाळी पडलेली ताजी फुलं घ्या, काळवंडलेली नको. मखमली काळी देठं खुडून टाका, नाहीतर रंग मळकट येतो. ही चूक सगळ्यात जास्त होते. दोन ओंजळी पाकळ्यांना साधारण दोन लिटर पाणी. स्टीलच्या पातेल्यात उकळी आणा, पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर ठेवा, झाकून रात्रभर मुरू द्या. सकाळी फडक्यातून गाळा. पिवळट केशरी रंग येतो, गुलालासारखा भडक नाही. तो गडद करायला काही जण चुना घालतात. कापड रंगवायचं असेल तर ठीक, अंगावर खेळायच्या पाण्यात चुना नको.

पाणी त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ते आंबतं आणि वास मारतो.